पाहणी

पाहणीवाली बाई आली तेव्हा मी जिन्यात बसून
बुटांवरचं मीठ पुसत होते.
बाल्टिमोरच्या रस्त्यांवर बर्फासाठी टाकतात ते,
कातड्यावर पांढरे नकाशे काढतं.

तिच्याकडे टॅबलेट होता
आणि सगळी उत्तरं दिली तर पंचवीस डॉलरचं कार्ड.
'स्थलांतराला वीस वर्षं झाली,' ती म्हणाली,
'योजना परिणामकारक ठरली का, एवढंच बघायचंय.'
नाव? ओडेट ग्रँबी.
तेव्हाचं वय? पंधरा.
तिचं बोट जरासं थांबलं.
पंधराच्या रकान्यात काय येतं
हे तिला आधीच ठाऊक असावं.

ऐका मग.

सोडतीत आईचं नाव निघालं तेव्हा
ती लॉन्ड्रीतून तशीच धावत आली,
हातात कुणाच्यातरी उशीचा अभ्रा.
व्हाउचरची मुदत नव्वद दिवस.
घर मिळालं एकोणनव्वदाव्या दिवशी.
त्याआधी चौदा घरमालक फोनवर 'या' म्हणाले
आणि दारात आम्हाला बघून
'अरेरे, कालच गेलं.'

ट्रक एकच होता.
त्यात लेमुएल, सहा वर्षांचा, मांडीवर माशाचं भांडं.
आणि मी, मांडीवर ट्रॉम्बोन,
शाळेचा, परत करायचा राहून गेलेला.

नव्या गावात पोहण्याचा तलाव होता,
वाचनालयात लाकडी घोडा,
आणि रात्री इतकी शांतता
की आई फ्रिजला कान लावून झोपायची.
लेमुएल तीन आठवड्यांत पोहायला लागला.
बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं.
मला म्हणाले, बँड भरलाय, पुढच्या वर्षी बघू.
गणितात मी मागे होते,
म्हणून बसवलंही मागेच.
मधल्या सुट्टीत डबा मी संडासात उघडायची.
दर शुक्रवारी दोन बस बदलून
जुन्या टॉवरखाली जायची,
जिथे गोळीचा आवाज आणि माझं नाव
दोन्ही मोठ्यानं ऐकू यायचं.

आता रोपाचं उदाहरण देऊ नका, बाई.
लहान रोप रुजतं, मोठं उपटलं की सुकतं,
मागच्या पाहणीवाल्यानं सांगून झालंय.
मी रोप नव्हते.
मला मैत्रिणी होत्या.

लेमुएल? तो पुलांचं गणित शिकतो.
सध्या पोर्तुगालमध्ये आहे, सहा महिने,
दोन विद्यापीठांच्या कसल्याशा देवाणघेवाणीत.
शिष्यवृत्ती मिळाली, विमान मिळालं,
खोली तेवढी मिळेना.
तीन आठवडे कुणाच्यातरी स्वयंपाकघरात झोपला.
तिथून फोन केला, हसत होता.
'ओडी, आज चौदावा झाला.'
चौदावा कोण रे?
'घरमालक. फोनवर या म्हणाला,
दारात बघून, कालच गेलं.'

मी गप्प.
मला वाटायचं, त्याला काही आठवत नाही.
वाटायचं, ते सगळं माझ्याच वाट्याला आलं
आणि त्याच्या वाट्याला तलाव.
सहा वर्षांचं पोर माशाच्या भांड्यातून
एकेक दार मोजत होतं तर.

हं, तुमचा प्रश्न. एक ते पाच.
त्याचे पाच मांडा. माझे दोन.
आईचे तिला विचारता आले असते तर बरं झालं असतं;
शेवटपर्यंत ती म्हणायची, गवत छान होतं.
बेरीज करा, भागा, जे काय येईल ते
वर कळवा.
त्या आकड्याच्या घरात
आमच्यातलं कुणीच राहिलेलं नाही.

कार्ड ठेवा तिथे, बुटांशेजारी.
आणि जाता जाता एक सांगाल?
मी पुन्हा अर्ज केलाय.
यादीत तीन हजार चारशे दोन.
माझी मॅरिस जूनमध्ये सहाची होते.
यादी वर्षाला किती सरकते,
ते दिसतं का तुमच्या त्या काचेवर?